मॉडेल इंजिनावरचा छापील नंबर रंग न बिघडवता कसा काढावा

मॉडेल रेल्वेची एकाच मॉडेलची दोन इंजिनं घेतली की दोन्हींवर नंबरही एकच येतो आणि लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या देखाव्यावर, शेजारी उभी केली की ते लगेच खटकतं. हे आकडे बहुधा पॅड प्रिंटिंगचे असतात. म्हणजे सिलिकॉनच्या मऊ गोळ्याने शाईचा अगदी पातळ थर रंगावर उमटवलेला असतो. आपल्याला वरची शाई तेवढी सोडवायची आहे, खालच्या रंगाला धक्का न लावता.

सामान फार नाही: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, इअरबड, मास्किंग टेप, टिश्यू आणि भिंग. अल्कोहोल मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं, १०० मिली भरपूर झालं. घरातला नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात वापरू नका. त्यातला ॲसिटोन पॉलिस्टायरीन आणि एबीएस दोन्ही विरघळवतो आणि पडलेला खड्डा कायमचा राहतो.

आधी बॉडी चॅसिसवरून उतरवा आणि खिडक्यांच्या काचा निघत असतील तर त्याही काढा, कारण पारदर्शक प्लास्टिकला अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात. मग बॉडीच्या आतल्या कडेला, जिथे रंग लागलेला आहे पण दिसत नाही, तिथे ओला इअरबड अर्धा मिनिट टेकवा. बडला बॉडीचा रंग लागला तर अल्कोहोल निम्मं पाणी घालून पातळ करा आणि पुन्हा तपासा. तरीही रंग सुटत असेल तर त्या इंजिनावर अल्कोहोल चालणार नाही.

नंबराभोवती एक मिलिमीटर जागा सोडून टेप लावा आणि कडा नखाने दाबा. टूथपिकचं टोक चेपून ब्रशसारखं करा, अल्कोहोलमध्ये बुडवा, टिश्यूवर टिपा. टोक ओलसर हवं, ठिबकणारं नको. एका आकड्यावर २० ते ३० सेकंद टेकवून ठेवा आणि मग एकाच दिशेने हलकेच ओढा. भिंगातून पाहिलं तर आधी आकड्याची कड भुरकट होते, मग शाई बारीक कणांसारखी सुटून लाकडाला चिकटते. ते टोक लगेच बदला, नाहीतर तीच पांढरी शाई आजूबाजूला पसरून धुरकट डाग पडतो. असा डाग पडलाच तर वाळायच्या आत कोऱ्या इअरबडने टिपून घ्या. टोकाला बॉडीचा रंग दिसला की त्या क्षणी थांबा.

पाच-सहा वेळा करूनही शाई हलत नसेल तर जोर लावू नका. घासून मॅट रंग चकाकतो आणि तो चकाकता चौकोन नंबरापेक्षा जास्त दिसतो. त्याऐवजी माइक्रो सोल (डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे, मऊ करणारं द्रावण) दोन-तीन मिनिटं आकड्यांवर ठेवून पाहा.

किती आकडे काढायचे, हाही प्रश्न आहे. शेवटचा एकच आकडा बदलला तर डेकलचा पांढरा आणि कारखान्याचा पांढरा शेजारी शेजारी येतात आणि फरक कळतो. पाचही बदललेले बरे. अपवाद इंग्रजी आठाचा: डावीकडच्या दोन कमानी पुसल्या की त्याच शाईतला, त्याच वळणाचा तीन मिळतो. नवा नंबर खऱ्या रेल्वेतल्या त्याच प्रकारच्या इंजिनाचा हवा: डब्ल्यूएपी-७ चे नंबर ३०२०१ पासून सुरू होतात, कल्याणच्या डब्ल्यूसीएएम-३ चे २१९ ने. दोन्ही बाजू आणि दोन्ही तोंडं, चारही ठिकाणं एकाच बैठकीत उरका.

जागा वाळली की ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, मगच डेकल लावा. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि ते चांदीसारखं चमकतं. दुसऱ्या दिवशी वरून मॅट वार्निश. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेचा डबा उघड्या गॅलरीत वापरू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, मुंबईच्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वार्निश दुधाळ होतं. त्या दिवसांत पाण्यावर आधारित ॲक्रिलिक वार्निश ब्रशने लावा आणि बॉडी रात्रभर झाकून ठेवा.