नवा टॉर्क कन्व्हर्टर: पहिले ८०० किलोमीटर

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सपर्यंत नेतो तो टॉर्क कन्व्हर्टर. हाय-स्टॉल, म्हणजे चाकं अडवलेली असताना इंजिनाला जास्त आरपीएमपर्यंत जाऊ देणारा कन्व्हर्टर बसवला की ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर तुडवून बघायचा मोह होतो. तो आवरा. कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच असतो, तो वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. त्याचं अस्तर अजून समोरच्या पृष्ठभागावर नीट बसलेलं नसतं, आणि स्टॉलमध्ये, म्हणजे चाकं अडवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर, इंजिनाची सगळी ताकद ऑइल तापवण्यातच खर्च होते. खान्देशात ते ऑइल आधीच निम्मं तापलेलं असतं.

बसवतानाच निम्मं काम होतं किंवा बिघडतं. कंपनीने सांगितलेलंच ऑइल सुमारे १ लिटर कन्व्हर्टरमध्ये ओता आणि तो फिरवत फिरवत आत ढकला. टप्प्याटप्प्याने 'खट्' करत तो गिअरबॉक्सच्या ऑइल पंपापर्यंत जातो. बेल हाउसिंग (कन्व्हर्टरभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) इंजिनाला हाताने टेकली पाहिजे. बोल्टने ओढून टेकवली तर पंप फुटतो. बोल्ट आवळल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टर जिला जोडतात ती चकती) साधारण ३ ते ५ मिमी पुढे सरकायला हवा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. कन्व्हर्टर फ्लेक्स प्लेटला जोडायचे जुने बोल्ट डोळे झाकून लावू नका. एखादा २ मिमी जरी लांब निघाला, तर कव्हरला आतून टेंगूळ येतं, आणि लॉकअप घासतो ती जागा नेमकी तीच.

जुना कन्व्हर्टर जळून गेला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर धुण्यापेक्षा बदललेला बरा. त्यात अडकलेला चुरा पहिल्याच फेरीत नव्यात येतो. रेडिएटरमधल्या कूलरनंतर एक जादा बाहेरचा कूलर जोडाच. हाय-स्टॉलला इकडच्या उन्हात तो चैन नाही, गरज आहे.

ऑइलची लेव्हल पहाटे बघा. डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) नसलेल्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ऑइल ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असताना ओव्हरफ्लो प्लग, म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर पडायचं बूच, उघडायचा असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळात दुपारी पाराच ४४-४५ ला टेकतो, मग इंजिन चालू करून प्लग उघडेपर्यंत ऑइल पार पुढे गेलेलं असतं. गरम ऑइल फुगतं, 'जास्त झालं' म्हणून सांडून जातं आणि गाडी कमी ऑइलवर पळते. पंपाचा किणकिण आवाज आला तर आधी हेच तपासा. लेव्हल बघण्याआधी ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअर ३-४ सेकंद धरून फिरवा. स्कॅनरने जुनी ॲडॅप्टेशन व्हॅल्यू (गिअरबॉक्सच्या कंप्युटरने जुन्या भागांनुसार शिकून ठेवलेले आकडे) पुसायला विसरू नका.

आता चालवणं. लॉकअप एकदा लागून तासभर तसाच राहिला तर अस्तर बसत नाही. तो पुन्हा पुन्हा लागायला आणि सुटायला हवा. म्हणून धुळ्यापर्यंत एका दमात पळवण्यापेक्षा जळगाव-भुसावळ, जळगाव-चोपडा अशा गावागावांत थांबत जाणाऱ्या सपाट फेऱ्या बऱ्या. हलका पाय, ६० ते ८० चा वेग, मग सोडा, पुन्हा धरा. फुल थ्रॉटल नाही, मागे ट्रेलर नाही, कन्नड घाट आणि तोरणमाळही नाही. चैत्रात वणीच्या गडावर जायचं असेल तर दुसरी गाडी काढा. ऑइलचं तापमान ८० ते ९५ अंशांत राहिलं तर उत्तम. १२० कडे चाललं की सावलीत थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. बंद केलंत तर कूलरमधून ऑइल फिरणंच थांबतं.

५०-७० च्या वेगात गाडी रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर बहुतेक वेळा ऑइल चुकीचं असतं किंवा त्यात पाणी गेलेलं असतं. न्यूट्रलमध्येही आरपीएमबरोबर थरथर वाढते का बघा. वाढत असेल तर फ्लेक्स प्लेट, बोल्ट किंवा बॅलन्स. बेल हाउसिंगखाली ताजं ऑइल टपकलं तर पुढच्या सीलचा संशय घ्या.

८०० किमी झाले की पॅन उतरवा. चुंबकावर राखाडी मऊ चिखल असणं ठीक. चकचकीत कपच्या किंवा पितळी चुरा दिसला तर गाडी पुढे चालवू नका. ऑइल, फिल्टर बदला. स्टॉल बघायचाच असेल तर आता बघा, तेही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच: ५ सेकंदांच्या आत पाय काढायचा आणि पुन्हा करण्याआधी न्यूट्रलमध्ये किमान २ मिनिटं ऑइल फिरू द्यायचं.