अँटीव्हायरस, फायरवॉल आणि डिस्क इमेज: घरच्या संगणकासाठी निवड करताना या चुका टाळा

नवा संगणक घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अँटीव्हायरस कोणता टाकू? फायरवॉलबद्दल, म्हणजे नेटवरून नको त्या जोडण्या आत येऊ न देणाऱ्या पहाऱ्याबद्दल, फारसं कोणी विचारत नाही. डिस्क इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) हा शब्द तर अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो मशीन दुरुस्तीला गेल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. अँटीव्हायरस आवडला नाही तर उद्या दुसरा टाकता येतो, पण इमेज काढलेली नसेल तर डिस्क गेल्यावर हातात काहीच उरत नाही. म्हणून सुरुवात इमेजपासून करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डी ड्राइव्हवर विसंबणं. आपल्याकडे संगणक बांधून देणारे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करतात आणि सांगतात, "महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारला तरी जाणार नाही." विंडोज पुन्हा टाकण्यापुरतं हे खरं आहे. पण डिस्कच बंद पडली तर सी आणि डी एकदम जातात, आणि रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर ते दोन्हीकडच्या फायली सारख्याच कुलूपबंद करतं. इमेज काढून ती डीमध्ये ठेवली तर तीही त्याच डिस्कबरोबर जाते. तिला वेगळी बाहेरची डिस्कच हवी.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फोटो चढतात म्हणून निर्धास्त राहू नका. ती सिंक आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, आणि कचरापेटीत ती साधारण ३० दिवसच राहते.

इमेजमध्ये अख्खी डिस्क येते: विंडोज, ड्रायव्हर, प्रोग्रॅम, सेटिंग आणि तुमच्या फायली. ज्यांच्या घरच्या संगणकावर टॅली, श्रीलिपी, जुना प्रिंटर आणि डिजिटल सहीचा टोकन हे सगळं जमवून बसवलेलं आहे, त्यांना हे सगळं पुन्हा मांडायला किती वेळ लागतो ते माहीत आहे. इमेज असेल तर त्याच मशीनवर ते जसंच्या तसं परत येतं.

सॉफ्टवेअर निवडताना जुन्या शिफारशी जपून वाचा. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं सगळे सुचवत असत, पण १ जानेवारी २०२४ पासून तिचा सपोर्ट बंद आहे. तिची जुनी फाइल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवणं म्हणजे सुरक्षेसाठी धोका विकत घेणं. विंडोजमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या सोयीचा विकासही मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच थांबवला, तिच्यावर भिस्त ठेवू नका. मोफत हवं असेल तर रेस्क्यूझिला घ्या. पेन ड्राइव्हवरून चालतं आणि माउसने वापरता येतं. क्लोनझिला तेच काम करतं, पण त्याचे पडदे नवख्याला गोंधळात टाकतात, आणि बॅकअप कुठून कुठे करायचा हे उलट निवडलं तर भरलेली डिस्क पुसली जाते. विंडोज चालू असतानाच ठरल्या वेळी आपोआप इमेज निघायला हवी असेल तर वीम या कंपनीचा 'एजंट' हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे.

आता सर्वाधिक लोक जिथे अडकतात ते. इमेज असते, पण रेस्क्यू पेन ड्राइव्ह (विंडोज बंद पडलं तरी ज्यावरून संगणक सुरू करून इमेज परत घालता येते तो) बनवलेला नसतो, किंवा बनवलेला असतो पण त्यावरून संगणक कधी सुरू करून पाहिलेला नसतो. गरजेच्या दिवशी कळतं की त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर आतली डिस्क दिसतच नाही. इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये याचं कारण आरएसटी किंवा व्हीएमडी नावाची स्टोरेज व्यवस्था असते. तिचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मिळतो. वीमसारख्या विंडोजवर आधारलेल्या प्रोग्रॅमचा रेस्क्यू पेन ड्राइव्ह बनवत असाल तर तो तेव्हाच त्यात घाला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन स्टोरेजचा मोड घाईघाईने बदलू नका, त्याने विंडोज सुरू होणंच थांबू शकतं.

दुसरा अडसर बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या डिस्क-कुलपाचा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, आणि कित्येकांना याचा पत्ताही नसतो. इमेज परत घातल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच काढा, कागदावर लिहा आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. उलट बाजूही लक्षात असू द्या: विंडोज चालू असताना काढलेल्या इमेजमधला मजकूर कुलपाशिवाय असतो, म्हणून त्या इमेजला स्वतंत्र पासवर्ड द्या.

इमेज काढून झाली की 'व्हेरिफाय' चालवा, ती उघडून त्यातली एखादी फाइल बाहेर काढून पाहा आणि मग डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. रॅन्समवेअर जोडलेले सगळे ड्राइव्ह शोधत फिरतं, त्यामुळे कायम लावून ठेवलेली बॅकअप डिस्क त्याच्या तावडीत सहज सापडते. दोन डिस्क आलटून पालटून वापरता आल्या तर फारच छान. परत घालण्याची पूर्ण तालीम मात्र जास्तीच्या रिकाम्या डिस्कवरच करा, एकुलत्या एक डिस्कवर नको.

फायरवॉलच्या बाबतीत नेहमीची चूक एकच: काहीतरी चालेना म्हणून ती बंद करणं. विंडोजची फायरवॉल २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच चालू येते, आणि त्यामागे कारण होतं. २००३ चा ब्लास्टर वर्म (आपणहून पसरणारा व्हायरस) कुणी काही क्लिक न करता, नुसत्या नेटला जोडलेल्या संगणकांत शिरत होता. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्रायही असाच मशीनवरून मशीनवर पसरला. त्याच्यावरचा पॅच (विंडोजचं भोक बुजवणारा अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो टाकलेलाच नव्हता.

घरातला प्रिंटर किंवा शेअर केलेलं फोल्डर दिसत नसेल तर आधी नेटवर्कचा प्रकार पाहा. घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. कॅफेत, हॉटेलात, रेल्वे स्टेशनवर मात्र 'पब्लिक'च हवं. नियमांचा फारच गुंता झाला असेल तर फायरवॉलच्या पानावरच 'रिस्टोअर डिफॉल्ट्स' आहे. वेगळी फायरवॉल विकत घेण्याची गरज बहुतेक घरांना नाही. क्षणोक्षणी परवानगी मागणारी फायरवॉल माणसाला न वाचता 'अलाउ' दाबायची सवय लावते, आणि मग ती असून नसल्यासारखीच.

अँटीव्हायरसबद्दल थोडक्यात. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच आहे, आणि नीट अपडेट होत असेल तर तो घरासाठी पुरेसा आहे. दुसरा हवा असेल तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचणी संस्थांचे ताजे निकाल पाहा. त्यात किती व्हायरस पकडले एवढंच न पाहता चांगल्या फायलींवर किती वेळा खोटी बोंब मारली आणि संगणक किती मंदावला हेही वाचा. पुण्याचा क्विक हील अनेक मराठी घरांत वर्षानुवर्षं आहे. वापरत असाल तर खुशाल वापरा, पण मुदत संपली की एक तर नूतनीकरण करा किंवा तो पूर्ण काढा. मुदत संपलेला कोणताही अँटीव्हायरस नुसता खाली कोपऱ्यात दिसतो, नव्या धोक्यांपुढे तो फार काळ टिकत नाही.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही मध्ये पडतात आणि संगणक अडखळतो. जुना काढल्यावरही मंदपणा राहिला तर त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. मग 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये पाहा, सध्या नेमका कोण पहारा देतोय. तो जागा आहे का हे तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती उतरवताच इशारा यायला हवा.

अँटीव्हायरस बंद करून क्रॅक किंवा अॅक्टिव्हेटर (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारे चोरटे प्रोग्रॅम) चालवणं सोडूनच द्या. जो प्रोग्रॅम आधी पहारेकरी बाजूला करायला सांगतो, तोच बहुतेकदा चोर असतो. डाउनलोड्स फोल्डर तपासणीतून वगळण्याची सवयही तितकीच घातक. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पॅच येणं थांबलेल्या विंडोजची भोकं कोणताही अँटीव्हायरस बुजवू शकत नाही.

संसर्ग झालाच तर आधी नेट तोडा, आणि बॅकअपची डिस्क चालू विंडोजला मुळीच लावू नका. संगणक बंद करून रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून सुरू करा, त्यानंतरच डिस्क जोडा. लक्षणं दिसायच्या बरीच आधीची इमेज निवडा, कारण कालच्या इमेजमध्ये व्हायरस आधीच बसलेला असू शकतो. ती घालण्याआधी इमेजनंतर बनलेल्या गरजेच्या फायली वेगळ्या काढून ठेवा, आणि त्या परत आणताना आधी तपासा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर संगणक दुरुस्त होईपर्यंत थांबू नका, आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.