जुन्या कादंबरीतला स्त्रीचा विरोध कसा टिपावा

आधी कादंबरीचं साल शोधा. ते अनेकदा दोन असतात: क्रमशः छापल्याचं एक, पुस्तक निघाल्याचं दुसरं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० ते १८९३ या काळात येत होती आणि संमतिवयाचा कायदा झाला १८९१ साली. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं किमान वय, दहावरून बारावर न्यावं का, यावर वाद पेटला असतानाच वाचक कादंबरीच्या नायिकेचं, यमूचं, सासर वाचत होते. नुसतं पुस्तकाचं साल धरलंत तर हे हातून निसटतं.

सालाशेजारी त्या वेळचा कायदा लिहा. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाई. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला थेट १९४७ मध्ये. म्हणून विभावरी शिरूरकरांची १९३४ ची ‘हिंदोळ्यावर’ वाचताना ‘नायिका अचला सरळ घटस्फोट का घेत नाही?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिच्यापुढे कोणत्या वाटा उघड्या होत्या, ते पाहा. त्यांतली तिने कोणती नाकारली, तेही.

पहिलं वाचन गोष्टीसाठी करा. दुसऱ्या वाचनाला वहीत चार रकाने आखा: कोण बोललं, कुणाशी, घरात कुठे (माजघर, ओटी, स्वयंपाकघर), आणि बोलल्यावर काय झालं. चौथा रकाना कधीच रिकामा सोडू नका. बोलण्याची किंमत तिथेच कळते. संक्षिप्त आवृत्ती या कामाला घेऊ नका. काटछाट करताना पहिली कात्री बायकांच्या साध्या गप्पांवर चालते, आणि आपल्याला हव्या असतात त्याच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सुधारक नवऱ्यापाशी. स्त्रीशिक्षणावरचं लांबलचक भाषण त्याच्या तोंडी असतं आणि आपण ते बायकोच्या खात्यावर मांडतो. त्याची वाक्यं वेगळ्या रंगाने खुणवा, मग तिचं स्वतःचं काय उरतं ते मोजा: चोरून वाचणं, उलट प्रश्न, मुद्दाम लावलेला उशीर, मैत्रिणीपाशी केलेली मोकळी तक्रार. संबोधनंही टिपा. नवऱ्याचं नाव न घेता ‘इकडून’ म्हणणारी बाई एखाद्या प्रसंगी वेगळी बोलली, तर पानाचा आकडा लगेच लिहून ठेवा.

शेवटावरून निकाल देऊ नका. यमूचं केशवपन जबरदस्तीने होतं, पण अख्खी कथा ती स्वतः, ‘मी’ म्हणत सांगते. तिची हार लिहिताना हेही लिहायलाच हवं.

पुरुषांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवर थांबू नका. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ वाचा, मग शिरूरकरांचा १९३३ चा कथासंग्रह ‘कळ्यांचे निःश्वास’. विभावरी शिरूरकर हे मालतीबाई बेडेकरांनी घेतलेलं टोपणनाव. आपल्या नावाने लिहिता न येणं हीसुद्धा नोंद आहे, वहीच्या पहिल्या पानावर करावी अशी.

आणि जात लिहा. यांतली बरीच घरं ब्राह्मणी आहेत. केशवपन सगळ्या जातींत नव्हतं, आणि पाट लावण्याची, म्हणजे विधवेने दुसरं लग्न करण्याची, रीत अनेक जातींत १८५६ च्या कायद्याच्या आधीपासून होती. त्यामुळे ‘त्या काळची मराठी स्त्री’ असं सरसकट लिहू नका. कोणत्या घरातली, ते नेमकं लिहा.