बाग आडवी झाल्यावर वचन कसं धरायचं

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका मला विचारतात, "ताई, सगळं गेल्यावर देव नवं करील असा विश्वास ठेवायचा, म्हणजे नेमकं करायचं काय?" मी पाळक नाही. चोपडा तालुक्यात आमची केळी आहे, थोडी कपाशी आहे आणि रविवारी मी लेकरांना बायबलमधल्या गोष्टी सांगते. तेव्हा आम्ही जे केलं तेवढंच सांगते. काही उशिरा सुचलं, तेही सांगते.

मे अखेरीचं वादळ होतं. घड कापणीला आठेक दिवस राहिलेले. वारा वीस मिनिटं सुटला असेल. सकाळी बांधावरून पाहिलं तर सगळी खोडं कमरेतून मोडून एकाच अंगाला पडलेली, हिरवे घड चिखलात. पंचनामा झाला, पैसे यायचे तेव्हा आले. पीककर्ज मात्र तारखेला उभं राहिलं. आमच्या ह्यांनी उपासनेला येणं सोडलं.

अशा वेळी पहिलं काम प्रार्थना नव्हे, जेवण. हे मी मनचं सांगत नाही. बायबलमधलं १ राजे, १९वा अध्याय काढा. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला लावतो. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. म्हणून भाकरी टाका, घरातल्याला समोर बसून खाऊ घाला. आणखी एक करा, फवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याजवळ. मी ठेवली होती. कोणी "आता जगून काय" असं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. त्याने विश्वास कमी होत नाही.

मग तक्रार करा, मोठ्याने. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो. ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे, पण त्याच्या आधीच्या वीस ओळी कोणी छापत नाही. तिथे लिहिणारा म्हणतो, देवाने माझी वाट चिऱ्यांनी बंद केली, खडे चावायला लावून माझे दात फोडले. अख्खा अध्याय वाचा, एका बसणीत. नंतर वहीत आपले खडे लिहा. मी लिहिलं होतं, "प्रभू, आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" त्या पानावर अजून काट मारलेली नाही.

आता वचनाकडे. तुमच्या भल्याच्याच योजना माझ्या मनात आहेत, हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घराघरात भिंतीवर आहे. पण बोट एक ओळ वर न्या. दहाव्या ओळीत सत्तर वर्षं लिहिली आहेत! हे पत्र बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना होतं, आणि त्यात त्यांना सांगितलं होतं: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. म्हणजे वचनाला आपण तारीख घालायची नाही. "दिवाळीपर्यंत देव सगळं भरून देईल" असं मला एका बहिणीने सांगितलं होतं. दिवाळी आली नि गेली, आणि मला देवापेक्षा तिचाच राग आला.

आमच्या सासूबाई अहिराणीत एक बोलल्या, ते मात्र मनात बसलं. "खोड काय देखस? मूळ देख." केळीचं खोड एकदाच निसवतं, म्हणजे घड एकदाच टाकतं. पडलं की पडलं, टेकू लावून उपयोग नाही. पण उपटलं नसेल, नुसतं मोडलं असेल, तर खाली कंद जिवंत असतो आणि बाजूने पिलं फुटतात. मोडकं खोडही लगेच जमिनीलगत छाटायचं नाही; त्यातला रस पिलाला मिळतो. सगळी पिलं ठेवायची नाहीत. रुंद पानांची काढायची, तलवारीसारख्या अरुंद पानांचं जोमदार एकच राखायचं. मी नवेपण मागत होते ते जुनं खोड उभं राहण्याचं, आणि ते बाजूने येत होतं, बोटभर उंचीचं. तुम्हीही वहीत दोन रकाने पाडा: काय परत येणार नाही, आणि कशाचा कंद अजून ओला आहे. पहिल्या रकान्यात खोटं लिहू नका.

मग त्या दुसऱ्या रकान्यातल्या एका गोष्टीवर हात घाला, मन तयार नसलं तरी. यिर्मया ३२ मध्ये यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल, म्हणजे तेव्हाच्या वजनाने, चांदी तोलून देतो, साक्षीदार घेतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. शेत शत्रूच्या ताब्यात जाणार हे त्याला ठाऊक आहे! आमचं शेकेल म्हणजे ठिबकच्या तुटलेल्या नळ्या. जूनमध्ये मी एकटीनेच त्या जोडायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी हे काही न बोलता आले नि दुसरं टोक धरलं.

भेटायला येणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्याला चहा द्या, उत्तर देऊ नका. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला मात्र लगेच काम सांगा: दोन दिवस डबा, बँकेत सोबत, पोरांची फी भरायला जाणं. लोकांना नेमकं सांगितलं की ते करतात.

पिलबाग, म्हणजे राखलेल्या पिलांची बाग, पुढच्या वर्षी निसवली. घड पहिल्यासारखे भरले नाहीत, भावही बेताचाच लागला. कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. हे नाताळला उपासनेला आले, शेवटच्या बाकावर बसले, भजन म्हटलं नाही.