पानातला स्टार्च दाखवताना स्पिरिटखाली ज्योत नको

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात पानातलं हरितद्रव्य काढायला स्पिरिट गरम करावं लागतं, आणि खरा धोका तिथेच असतो. स्पिरिटची वाफ चटकन पेट घेते. पण स्पिरिटमधलं अल्कोहोल साधारण ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे नुकतं उकळलेलं पाणी त्याला पुरतं. चंचुपात्रात पाणी उकळवा, बर्नर विझवा, मग पान आणि स्पिरिट घातलेली परीक्षानळी त्यात उभी करा. खिडक्या उघड्या ठेवा. पाणी निवलं तर दुसरं गरम पाणी आणा. बर्नर पुन्हा पेटवायचा मोह टाळा.

पान जास्वंदीचं घ्या, जाड चिवट पानं वेळखाऊ. कुंडी आधी दोन दिवस अंधारात, मग पानाच्या थोड्या भागाला काळा कागद लावून चार-पाच तास उन्हात. पान तोडल्यावर आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. स्पिरिटमधून निघालेलं पान कडक होतं, उलगडताना तुटतं. कोमट पाण्यात बुडवलं की मऊ पडतं. मग स्टार्च ओळखायला पानावर टाकायचं आयोडीन मात्र पातळच हवं, फिक्या चहाइतकं. गडद वापरलं तर सगळंच तपकिरी-काळं दिसतं आणि झाकलेला भाग ओळखू येत नाही.