उबुंटू सर्व्हर बसवताना कुठे अडतं आणि तिथून कसं सुटायचं

एका पतसंस्थेत सर्व्हर बसवून तीन महिने झाले होते. सकाळी साडेदहाला कॅशियर ताईंचा फोन आला, "सर, डिस्क भरली म्हणतंय, एंट्रीच पडत नाहीये." डिस्क १ टीबीची, सगळा डेटा मिळून शंभर जीबीसुद्धा नाही. मग भरली कशी? त्या दिवशी काउंटरवर ताटकळलेली माणसं मला अजून दिसतात. चूक माझीच होती. बसवताना एक पडदा न वाचता मी पुढे गेलो होतो. तेव्हापासून इन्स्टॉलेशनच्या अडचणी वहीत टिपून ठेवतो, हा लेख त्याच वहीतून आला आहे.

उबुंटू सर्व्हर म्हणजे लिनक्सवर आधारलेली, सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम. इथे धरलं आहे ते २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी), म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आलेली आवृत्ती. २२.०४ लाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

पेनड्राइव्हपासून सुरुवात

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची डाउनलोड करायची फाइल, तीन जीबीच्या आसपास असते. उतरवून झाली की तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवून पाहा. विंडोजवर त्यासाठी 'सर्टयुटिल' आधीपासून असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. अर्धवट उतरलेली फाइल बऱ्याचदा सुरू होते आणि मध्येच भलतीच चूक दाखवते. मग आपण रॅम बदलतो, डिस्क बदलतो, दोष मात्र डाउनलोडमध्ये असतो. रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने बूट होणारा पेनड्राइव्ह बनवताना 'आयएसओ मोड' की 'डीडी मोड' असं विचारलं जातं. आधी पहिला घ्या. त्यावर मशीन बूट झालं नाही तर दुसरा. डीडी मोडनंतर विंडोजला पेनड्राइव्ह नीट वाचता येत नाही, पण तो खराब झालेला नसतो. काम झालं की पुन्हा फॉरमॅट करा.

बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तीन गोष्टी

पहिलं घड्याळ. शाळेच्या लॅबमधलं किंवा बरेच महिने बंद असलेलं मशीन असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बहुधा संपलेला असतो आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग इन्स्टॉलर इंटरनेटवरून पॅकेज घ्यायला जातो आणि 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. खरं तर इंटरनेट ठीक असतं. मशीनच्या दृष्टीने ती फाइल भविष्यातली असते, म्हणून ते नाकारतं. सेल बदला आणि वेळ घाला. लिनक्स हे घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं, म्हणून आपल्या मनगटावरच्या वेळेतून साडेपाच तास वजा करून घालायची.

दुसरं, डिस्कचा मोड. इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसत नसेल तर साटाची, म्हणजे डिस्क जोडणीची, सेटिंग 'रेड' (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) किंवा 'इंटेल आरएसटी' वर आहे का पाहा आणि 'एएचसीआय' करा. मात्र त्याच मशीनवर विंडोज ठेवायचं असेल तर थांबा. मोड बदलल्यावर ते बूट व्हायचं थांबू शकतं. खरं रेड कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच कार्डांमध्ये त्यांच्याच मेनूत जाऊन आधी व्हर्च्युअल डिस्क तयार करावी लागते, तोवर आतल्या डिस्क बाहेर दिसतच नाहीत.

तिसरं आपल्याकडे फार महत्त्वाचं, आणि तेच राहून जातं. वीज जाऊन आली की मशीन आपोआप चालू व्हावं, ही सेटिंग. 'एसी पॉवर रिकव्हरी' किंवा तत्सम नावाने असते, ती चालू ठेवा.

पडदा काळा पडला तर

मेनू दिसतो आणि पुढे काळोख, असं झालं तर बहुतेक वेळा अडचण ग्राफिक्सची असते. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना दिसणाऱ्या त्या पहिल्या, मेनूवर 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तीन डॅश असतात, त्यांच्या पुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ-१० दाबा. डॅशच्या पुढेच लिहायचं कारण असं की तिथला शब्द बसवलेल्या सिस्टिममध्येही उतरतो. नाहीतर इन्स्टॉलेशन पार पडतं आणि पहिल्याच रीबूटला पुन्हा काळोख.

जुन्या डिस्कच्या खुणा

दुसऱ्या सर्व्हरमधून किंवा नासमधून (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीतून) काढलेली डिस्क लावली की तिच्यावर जुन्या रेडच्या, एलव्हीएमच्या (डिस्कची जागा लवचीक विभागांत वाटणारी लिनक्सची व्यवस्था) खुणा असतात. मग यादीत 'एमडी-१२७' असं अनोळखी नाव दिसतं, किंवा डिस्कचे भाग पाडताना इन्स्टॉलर कोसळतो. अशा वेळी वर उजवीकडच्या 'हेल्प' मेनूतून शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' चालवा आणि डिस्कचा आकार व मॉडेल कागदावर लिहून घ्या. खात्री पटली की त्याच डिस्कवर जुन्या खुणा पुसणारी 'वाइपएफएस' चालवा, पर्याय 'ए'. ही आज्ञा चुकीच्या डिस्कवर चालली तर डेटा गेलाच समजा, म्हणून मी बाकीच्या डिस्कच्या केबल सरळ काढून ठेवतो. पाच मिनिटं जातात, पण हात थरथरत नाही.

शंभर जीबीचं कोडं

आता त्या पतसंस्थेच्या डिस्ककडे येऊ. 'पूर्ण डिस्क वापरा' म्हटलं की इन्स्टॉलर एलव्हीएम सुचवतो, आणि ते घ्यावंच. पण 'पूर्ण डिस्क' म्हणजे पूर्ण जागा तुमच्या हाती, असं नाही. मुख्य विभागाला किती द्यायचं याचा त्याचा हिशेब ठरलेला आहे: १० जीबीपेक्षा कमी जागा असेल तर सगळी, १० ते २० असेल तर १०, २० ते २०० असेल तर निम्मी, आणि २०० च्या वर कितीही असली तरी फक्त १००. उरलेली जागा एलव्हीएममध्ये राखीव पडून राहते. पुढे स्नॅपशॉट (विभागाची त्या क्षणाची प्रत) घ्यायला किंवा नवा विभाग काढायला ती उपयोगी पडते, म्हणून तशी ठेवलेली. विचार चांगलाच आहे. फक्त तो सारांशाच्या पडद्यावर एका ओळीत दिसतो आणि आपण 'डन' दाबून पुढे जातो.

त्या पडद्यावर थांबा. 'उबुंटू-एलव्ही' निवडा, 'एडिट' करा आणि आकार स्वतः लिहा. मी साधारण दहा टक्के जागा मोकळी ठेवतो. विभाग वाढवणं चालू मशीनवर होतं, पण मुख्य विभाग कमी करायचा तर सिस्टिम बंद करून पेनड्राइव्हवरून बूट करावं लागतं. म्हणून शंका असेल तेव्हा आकडा थोडा कमीच धरावा.

सर्व्हर आधीच बसवून झाला असेल तर 'व्हीजीएस' चालवून मोकळी जागा किती ते पाहा. मग 'एलव्हीएक्सटेंड'ला दोन पर्याय द्यायचे: 'आर', म्हणजे फाइल सिस्टिमही सोबत वाढेल, आणि छोटा 'एल', त्यापुढे 'अधिक शंभर टक्के फ्री'. शेवटी विभागाचा पत्ता, 'डेव्ह'खालचा 'उबुंटू-व्हीजी'मधला 'उबुंटू-एलव्ही'. मोठा 'एल' वेगळा, तो थेट आकार मागतो, जीबीसारख्या एककासह. पतसंस्थेत ही आज्ञा पाच-सात सेकंदांत संपली. मशीन बंद करावं लागलं नाही, पुढच्या मिनिटाला ताईंनी पहिली एंट्री टाकली.

'पूर्ण डिस्क वापरा' म्हणतो त्या आधीच्या पडद्यावर डिस्क कूटबद्ध (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) करायचा पर्याय असतो. डेटा चोरीला जाण्याची भीती खरी असेल तर घ्या, पण मग प्रत्येक बूटला कुणीतरी कीबोर्डशी येऊन पासवर्ड टाकायला हवा. रात्री वीज जाऊन आली की सर्व्हर सकाळपर्यंत तिथेच उभा राहील.

नेटवर्क

लॅन कार्ड ओळखलंच गेलं नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा. बहुतेक वेळा तो लगेच जोडणी म्हणून दिसतो, पुढचं काम तेवढ्यावर निभतं.

दुसरी तक्रार, 'सर्व्हर बूट व्हायला दोन मिनिटं जास्त घेतो'. पडद्यावर नेटवर्क तयार होण्याची वाट पाहत असल्याची ओळ दिसते. कारण साधं आहे: मशीनला दोन पोर्ट, केबल एकाच पोर्टला, आणि सिस्टिम दुसऱ्याचीही वाट पाहत बसते. 'ईटीसी'मधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरातली फाइल उघडून रिकाम्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहा. समास सोडताना टॅब नको, स्पेसच हवी, टॅब दिसला की फाइल नाकारली जाते. नंतर थेट 'अप्लाय' करण्याऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' चालवा. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर ते जुनी सेटिंग परत आणतं. दूर बसून काम करताना याने मला अनेकदा वाचवलं आहे. जुन्या मार्गदर्शकांतला 'गेटवे-फोर' आता टाळा, त्याऐवजी 'राउट्स'खाली 'डीफॉल्ट' मार्ग लिहायचा.

शेवटचे पडदे

'ओपनएसएसएच', म्हणजे दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम, बसवायची चौकट आपोआप खूण केलेली नसते. ती विसरलात तर घरून लॉगिन होणार नाही आणि पुन्हा फेरी पडेल. रीबूट म्हटल्यावर 'सीडीरॉम अनमाउंट झाला नाही' अशी लाल ओळ आली तर घाबरू नका. काम झालेलं असतं, पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा. लॉगिन झाल्यावर वेळ यूटीसीमध्ये दिसेल, ती 'टाइमडेटसीटीएल'ने 'एशिया/कोलकाता' करून घ्या, नाहीतर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला सुरू होईल.

मग निघण्याआधी मशीन दोनदा रीबूट करतो, त्यात एकदा लॅन केबल काढून. नंतर ते नीट बंद करतो, भिंतीवरचं बटण बंद-चालू करतो आणि हात न लावता वर येतं का ते पाहतो. आयपी, विभागांचे आकार, मोकळी ठेवलेली जागा आणि तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवतो. पतसंस्थेतल्या कागदावर 'जागा कशी वाढवायची' याची आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मोठ्या टाइपात लिहिली आहे. मागच्या वर्षी ती तिथल्या क्लार्कने मला फोनही न करता चालवली.