पांढरा दगड संगमरवरच आहे का? पारख करण्याची रीत

संगमरवर हा मुळात चुनखडक. जमिनीत खोल दाबला गेल्याने किंवा तप्त शिलारसाच्या शेजारी भाजून निघाल्याने तो बदलतो, पण वितळत नाही. कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडक ज्या खनिजाचा बनतो त्याचे, बारीक कण घन अवस्थेतच नव्याने स्फटिक बनतात, वाढतात आणि एकमेकांत घट्ट अडकतात. मूळच्या शंखशिंपल्यांच्या खुणा बहुतेक पुसल्या जातात. पारख करताना या बदलाच्याच खुणा शोधायच्या.

पोलादी खिळा, काचेचा तुकडा, १० पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरं व्हिनेगर आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा एवढं पुरे. पॉलिश केलेल्या बाजूवर चाचणी करू नका. तिथे मेण किंवा सीलर असतं आणि निकाल चुकतो. लादीची तुटलेली कड किंवा मागची बाजू घ्या.

आधी ताजी कड उन्हात धरून हळूहळू फिरवा. संगमरवर साखरेच्या ढेपेसारखा दिसतो आणि कणांचे सपाट पैलू एकेक करून चमकतात, कारण कॅल्साइट ठरावीक तीन दिशांनीच फुटतो. संगमरवरासारखाच दिसणारा क्वार्ट्झाइट वाळूच्या खडकापासून बनतो. त्याची कड काचेसारखी तुकतुकीत असते, पण असे पैलू लखलखत नाहीत.

मग खिळ्याने ओरखडा काढा. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या १ ते १० च्या मोह्स मापावर कॅल्साइट ३, पोलाद साधारण साडेपाच आणि क्वार्ट्झ (क्वार्ट्झाइटमधलं खनिज) ७. संगमरवरावर खाच पडून पांढरी भुकटी निघते. क्वार्ट्झाइटवर मात्र खिळ्याचंच लोखंड घासून करडी रेघ उमटते आणि नेमकी इथेच फसगत होते. ओल्या बोटाने रेघ पुसा, नख फिरवा. खाच लागली नाही तर दगड कठीण आहे. खात्रीसाठी त्याच दगडाने काच घासा, काचेवर चरा उठेल.

आता व्हिनेगर. खरवडून निघालेल्या भुकटीवर दोन थेंब टाका. कॅल्साइटचा संगमरवर लगेच बुडबुडे सोडतो. डोलोमाइटचा (कॅल्साइटसारखंच, पण मॅग्नेशियम असलेलं खनिज) असेल तर अगदी मंद सोडतो, म्हणून मिनिटभर भिंगातून पाहत राहा. सांध्यातलं सिमेंटही फसफसतं, त्यामुळे लादीचीच भुकटी घ्या. बसवलेल्या फरशीवर आम्ल टाकू नका. चकाकी जाऊन डाग पडतो आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

फसफसला म्हणजे संगमरवर, असं मात्र नाही. साधा चुनखडकही फसफसतो. त्याचे कण भिंगातूनही सहसा सुटे दिसत नाहीत, कधी शिंपल्याचा तुकडा सापडतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत मिळणारा पांढरा कॅल्साइटही फसफसतो, पण तो पाण्यातून साचलेला असतो, दाबाने वा उष्णतेने बदललेला म्हणजे रूपांतरित खडक नव्हे.

कॅल्साइट की डोलोमाइट हे घनतेवरून कळतं. दगडाचं कोरडं वजन करा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. दोऱ्याने बांधलेला दगड पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं दगडाचं घनफळ घनसेंटिमीटरमध्ये. २७१ ग्रॅमचा दगड १०० दाखवत असेल तर घनता २.७१, म्हणजे कॅल्साइट. २.८५च्या आसपास आली तर डोलोमाइट. दगडाला बुडबुडे चिकटले की घनफळ जास्त आणि घनता कमी येते, म्हणून दगड बुडवून थोडा हलवा. क्वार्ट्झाइट २.६५च्या आसपास असतो, फरक फार थोडा. त्याला ओळखायला ओरखडाच खरा.

रंगावर विसंबू नका. शुद्ध संगमरवर पांढरा, ग्राफाइटमुळे राखाडी, लोहाच्या ऑक्साइडमुळे पिवळा वा तांबूस. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड खरा संगमरवर. राजस्थानातल्या केसरियाजीचं ‘ग्रीन मार्बल’ मात्र सर्पेंटिनाइट आहे. तोही रूपांतरितच, पण चुनखडकापासून नव्हे, मॅग्नेशियमयुक्त अग्निज (शिलारस थिजून झालेल्या) खडकापासून बनलेला. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फक्त पांढऱ्या शिरा फसफसतात, हिरवा भाग तसाच राहतो.